शॅमेलिऑनच्या पिल्लाचा पिंजरा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॅमेलिऑन, म्हणजे झाडावर राहणारा, रंग बदलणारा सरडा, पाळण्याविषयी उपलब्ध असलेला बहुतेक मजकूर थंड देशांतील लोकांनी लिहिलेला आहे. पिल्लाला पुरेशी ऊब कशी मिळेल, ही त्यांची मुख्य काळजी असते. नागपुरात वर्षातले निदान चार महिने काळजी नेमकी उलटी असते, आणि तिकडचा सल्ला येथे जसाच्या तसा अमलात आणल्याने पिल्ले भाजून निघतात. म्हणून सतत येणारे प्रश्न येथील ऋतूंच्या हिशेबाने एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर व्हेल्ड शॅमेलिऑन या परदेशी जातीच्या (प्रश्न २ पाहा) तीन ते सहा महिने वयाच्या पिल्लाला धरून दिलेले आहे.

१. शेतात घोयऱ्याचे पिल्लू सापडले आहे. त्याच्यासाठी पिंजरा कसा करावा?

करू नये. विदर्भात धुऱ्यावरच्या बोरी-बाभळींवर दिसणारा घोयरा, ज्याला ग्रंथांतून सरडगुहिरा असेही म्हटले जाते, तो भारतीय शॅमेलिऑन असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. पिल्लू रस्त्यावर आले असेल, तर त्याच्यापुढे एक काडी धरावी. ते आपणहून तिच्यावर चढते आणि मग ती काडी जवळच्याच झुडपाला टेकवून द्यावी. जखमी असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी संपर्क साधावा. घोयरा विषारी असतो, या समजातून तो खेड्यापाड्यांत आजही मारला जातो. त्याच्या अंगात विष नसते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगावे.

२. मग कायद्याने कोणता शॅमेलिऑन पाळता येतो?

येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या दोन परदेशी जाती पाळणाऱ्यांकडे प्रामुख्याने दिसतात. दोन्ही जाती वन्य जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तिच्या आधारे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. प्राणी एका हातातून दुसऱ्या हातात गेला किंवा त्याला पिल्ले झाली, तर तेही कळवावे लागते. विकणाऱ्याकडे या नोंदणीचा कागद नसेल, तर पिंजऱ्याचा विचार तेथेच थांबवावा. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून तो कागद कधीच येत नाही.

३. पिल्लासाठी पिंजरा किती मोठा हवा? एकदम मोठाच घेतला तर चालणार नाही का?

तीन महिन्यांच्या पिल्लासाठी साधारण ४० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ५० ते ७५ सेंमी उंच पिंजरा पुरतो. पूर्ण वाढलेल्या नराला किमान ६० बाय ६० बाय १२० सेंमी आणि मादीला ४५ बाय ४५ बाय ९० सेंमी जागा लागते. हा प्राणी झाडावर राहणारा असल्यामुळे उंचीला महत्त्व अधिक आहे.

पिल्लाला पहिल्या दिवसापासून मोठ्या पिंजऱ्यात ठेवू नये, असे सरसकट म्हटले जाते. यामागचे कारण मोकळ्या जागेची भीती हे नाही. झाडावर जन्मलेल्या जिवाला झाड मोठे वाटण्याचे कारण नाही. अडचण पाळणाऱ्याची असते. मोठ्या पिंजऱ्यात बोटाएवढे पिल्लू पानांआड दिसेनासे होते, सोडलेले कीटक कोपऱ्यांत पांगतात, आणि पिल्लाने आज खाल्ले की नाही, हेच कळत नाही. पिंजरा दाट झाडांनी भरलेला असेल, कीटक भांड्यातून दिले जात असतील (प्रश्न १४ पाहा) आणि दिवसातून दोनदा नीट पाहण्याची सवय असेल, तर थेट मोठा पिंजरा घ्यायला हरकत नाही. पहिल्यांदाच पाळत असाल, तर मात्र लहान पिंजऱ्याने सुरुवात करणे हिताचे.

४. घरात माशांची जुनी काचेची टाकी पडून आहे. ती वापरू का?

वापरू नये. माशांची टाकी पाचही बाजूंनी बंद असते, त्यामुळे आतली हवा हलत नाही. दमट आणि साचलेल्या हवेत शॅमेलिऑनला फुप्फुसांचा संसर्ग होतो. शिवाय काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून पिल्लू त्याला दुसरा शॅमेलिऑन समजते आणि दिवसभर ताणाखाली राहते. समोरच्या बाजूस खाली हवेची फट आणि वर संपूर्ण जाळी असलेली, खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली काचेची पेटी मिळते, तिची गोष्ट वेगळी आहे. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती ओलावा चांगला धरून ठेवते. तरीही चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा घेऊन, कोरड्या महिन्यांत त्याच्या मागच्या व दोन आजूबाजूच्या भिंतींना पारदर्शक प्लास्टिक लावणे आणि पाऊस सुरू झाला की ते काढून टाकणे, हीच पद्धत येथे अधिक सोयीची ठरते. एकाच पिंजऱ्याचे दोन अवतार होतात.

५. सुताराकडून किंवा अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून पिंजरा करून घेता येईल का?

येतो, आणि तो तयार पिंजऱ्यापेक्षा मजबूतही होतो. सांगताना मात्र काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, नाहीतर खिडकीच बनून येते. जाळी डासांच्या जाळीइतकी बारीक असावी, म्हणजे पिल्लांना दिले जाणारे बारीक कीटक बाहेर पडणार नाहीत. लोखंडी जाळी गंजते आणि तिच्या कापलेल्या तारांत पिल्लाची नखे अडकून उपटली जातात. त्यामुळे अॅल्युमिनियमची किंवा फायबरची जाळी घ्यावी. फायबरची जाळी पायाला मऊ असते, पण मोठे रातकिडे ती कुरतडतात. पुढची बाजू पूर्ण उघडणारे एक दार आणि त्याखाली हात जाईल एवढे दुसरे छोटे दार असावे. तळाला भोके पाडलेली फळी आणि तिच्याखाली सरकणारा ट्रे हवा, कारण रोजच्या फवारणीचे पाणी कुठेतरी जावेच लागते. लाकूड वापरले असल्यास त्याला पाण्यात न विरघळणारे पॉलिश लावून, वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, पिंजरा गच्चीवर मोकळा ठेवावा. प्लायवुड पहिल्याच पावसाळ्यात फुगते.

६. पिंजरा घरात नेमका कुठे ठेवावा?

पिंजऱ्यातील सर्वांत वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच राहील, अशा स्टँडवर ठेवावा. वरून येणारी प्रत्येक गोष्ट, मग तो घरच्यांचा हात का असेना, पिल्लाला शिकारी पक्ष्यासारखी भासते. दोन बाजू भिंतींजवळ असाव्यात, पण भिंतींना टेकलेल्या नसाव्यात (प्रश्न १५ पाहा). स्वयंपाकघराच्या फोडणीचा धूर, उदबत्ती व धूप, टीव्ही, पंख्याचा आणि कूलरचा थेट झोत यांपासून तो दूर असावा. पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नये; नागपुरात मे महिन्यात ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, हे हात लावून पाहिल्यास कळेल. वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली राहणाऱ्यांनी शक्य असल्यास पिंजरा खालच्या मजल्यावर हलवावा.

७. फांद्या कोणत्या झाडाच्या घ्याव्यात? शेतातून तुराट्या किंवा पऱ्हाटी आणली तर?

तुराट्या आणि पऱ्हाटी सरळ, हलक्या आणि फुकट असतात, म्हणून हा प्रश्न विदर्भात हमखास येतो. तथापि कपाशीवर आणि तुरीवर हंगामात अनेक फवारण्या झालेल्या असतात आणि पिल्लू त्याच काडीवरून ओघळलेले थेंब पिते. ज्या शेतात फवारणी झालेली नाही हे खात्रीने ठाऊक असेल, तेथीलच काड्या वापराव्यात. अन्यथा परसातल्या पेरूच्या किंवा जास्वंदीच्या वाळलेल्या फांद्या उत्तम. त्या ब्रशने घासून, उकळते पाणी ओतून, कडक उन्हात दोन दिवस वाळवाव्यात. चीक येणाऱ्या झाडांच्या फांद्या टाळाव्यात.

जाडीचे गणित सोपे आहे. शॅमेलिऑनचे पाऊल चिमट्यासारखे असते, आणि तो चिमटा फांदीभोवती जवळजवळ मिटला पाहिजे. पिल्लासाठी पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण ३ ते ६ मिमी जाडीच्या काड्या लागतात. त्यांच्यात काही जाड काड्याही मिसळाव्यात, म्हणजे पायांना आळीपाळीने विसावा मिळतो. गुळगुळीत बांबूवरून पिल्लू घसरते. फांद्या मुख्यतः आडव्या, काही तिरप्या, एकमेकींना जोडणाऱ्या आणि पक्क्या बांधलेल्या असाव्यात. पिल्लाला जमिनीवर न उतरता पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता आले, तर रचना बरोबर जमली.

८. झाडे खरी हवीत की प्लास्टिकची चालतील?

खरी हवीत. व्हेल्ड शॅमेलिऑन पाने खातो, आणि प्लास्टिकचे पान गिळले गेल्यास आतड्यात अडकते. मनी प्लँट, जास्वंद, शेफ्लेरा आणि बारीक पानांचा फायकस ही चार झाडे आपल्याकडच्या कोणत्याही नर्सरीत मिळतात आणि पिंजऱ्यात तग धरतात. कण्हेर, रुई, धोत्रा आणि डायफेनबेकिया कधीही ठेवू नयेत.

नर्सरीतून आणलेले झाड त्याच दिवशी पिंजऱ्यात जाऊ नये. पानांची खालची बाजूसुद्धा पाण्याने धुवावी, कुंडीतली खतमिश्रित माती बदलावी, आणि झाड तीन-चार आठवडे वेगळे ठेवून मग वापरावे. कुंडीतल्या मातीवर पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे रचावेत, म्हणजे माती तोंडात जाणार नाही. पिंजऱ्याचा मधला भाग इतका दाट असावा की पिल्लाला मनात आले तर पूर्ण लपता यावे. ज्याला लपायला जागा असते, तेच पिल्लू अधिक वेळ बाहेर बसते, हा अनुभव जवळजवळ सर्वांचा आहे.

९. तळाला कोकोपीट, वाळू किंवा भुसा घालावा का?

काही घालू नये. तळ उघडा ठेवावा किंवा टिश्यू पेपर अंथरून तो रोज बदलावा. जीभ कीटकावर मारताना सैल कण तोंडात जातात, ओल्या कोकोपीटला बुरशी येते आणि कीटक त्यात दडून बसतात. साफसफाईला गरम पाणी किंवा पातळ केलेले व्हिनेगर पुरते. फिनाइल वापरू नये.

१०. तापमान किती असावे आणि बल्ब कोणता लावावा?

पिल्लाच्या ऊन खाण्याच्या जागी, म्हणजे दिव्याखालच्या सर्वांत वरच्या फांदीवर, २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमान असावे. पिंजऱ्याचा उरलेला भाग २२ ते २६ अंशांच्या दरम्यान असावा आणि रात्री ते १८-२० अंशांपर्यंत उतरले तरी चांगलेच. मोठ्या प्राण्यासाठी सांगितलेले ३२ अंश पिल्लाला लागू करू नयेत. इवलेसे शरीर फार लवकर तापते. साधा ४० वॅटचा पिवळा बल्ब बहुधा पुरेसा होतो. तो जाळीच्या बाहेर, वर, फांदीपासून किमान २० ते २५ सेंमी अंतरावर असावा. आत लावलेल्या बल्बला पिल्लू चिकटते आणि भाजल्याचे त्याला वेळेत उमगत नाही. लाल किंवा निळा "रात्रीचा बल्ब" लावू नये. रात्र काळोखीच हवी.

मोजमाप कुठे घेतले, यावर सगळे अवलंबून असते. माझ्या पहिल्या पिंजऱ्यात गोल काट्याचा तापमापक बाजूच्या जाळीला चिकटवलेला होता आणि तो मोठ्या विश्वासाने २९ अंश दाखवत असे. पिल्लू मात्र दुपारभर तोंड उघडे टाकून, फिकट पिवळे पडून, खालच्या कुंडीवर बसलेले दिसे. शेवटी वायरचा डिजिटल तापमापक आणून त्याचे टोक वरच्या फांदीला बांधले, तेव्हा आकडा ३८ निघाला. मधल्या दहा दिवसांत त्याने जवळपास काही खाल्ले नव्हते. वायरचा डिजिटल तापमापक आणि आर्द्रतामापक ही दोन उपकरणे पिल्लाच्या आधी घरी यावीत, आणि रिकाम्या पिंजऱ्यात सर्व व्यवस्था आठवडाभर चालवून आकडे लिहून ठेवावेत.

११. पिंजरा खिडकीजवळ आहे, ऊन येते. तरीही यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी घ्यावी लागेल का?

घ्यावीच लागेल. काच यूव्हीबी किरण अडवते, म्हणून बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाने उष्णता वाढते आणि उपयोगाचे काही मिळत नाही. यूव्हीबीशिवाय शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही, आणि वाढत्या वयात पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकतात. ही विकृती पूर्णपणे भरून येत नाही.

टी-५ प्रकारची, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची सरळ लांब नळी पिंजऱ्याच्या वर जाळीवर ठेवावी, वरची फांदी तिच्यापासून साधारण २० ते २५ सेंमी खाली असावी, आणि ती टायमरवर रोज १२ तास चालावी. दुकानदार गळ्यात मारतात तो पिळाचा लहान सीएफएल यूव्हीबी दिवा घेऊ नये. त्याचा प्रकाश एका ठिपक्यापुरता पडतो. नळी दिसायला प्रकाशमान राहिली, तरी तिचे यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलावी. विकत घेतल्याची तारीख नळीवरच मार्करने लिहून ठेवावी.

खरे ऊन याहून सरस, आणि नागपूरला त्याची ददात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, १५-२० मिनिटे गच्चीवर ठेवल्यास पिल्लू खुलते. तेथे बसून राहावे. कावळा आणि माकड दोघेही वाट पाहत असतात. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये.

१२. वाटीत पाणी ठेवले तर पिल्लू पीत नाही. काय करावे?

शॅमेलिऑन साचलेले पाणी सहसा पाणी म्हणून ओळखतच नाही. तो पानावरचा थेंब पितो. पहाटे दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी ते मालवताना प्रत्येकी दोन-तीन मिनिटे बारीक फवारा पानांवर मारावा, पिल्लाच्या तोंडावर नव्हे. दिवसा एकदा थेंबथेंब पाण्याची सोय असावी. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा सेट आणि एक बाटली पुरते. चाक फिरवून दर एक-दोन सेकंदांना एक थेंब पडेल असा वेग ठेवावा आणि तो थेंब वरच्या मोठ्या पानावर पडू द्यावा. पहिले काही थेंब तसेच वाया जातात. मग शंकूसारखा एक डोळा फिरून थेंबावर स्थिरावतो, दुसरा अजूनही माणसाकडेच रोखलेला असतो. पिल्लू दोन पावले पुढे डोलते, थबकते, आणि पानाच्या टोकाला तोंड लावते. हे पाहण्यासाठी दहा मिनिटे दूर बसण्याची तयारी ठेवावी.

आर्द्रता दिवसा ४० ते ५० टक्के आणि रात्री ७० टक्क्यांच्या पुढे असणे इष्ट आहे. मधल्या काळात पाने कोरडी झाली पाहिजेत. बोअरवेलचे पाणी जड असल्यास पानांवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याचे तोंड बुजते, म्हणून गाळलेले किंवा उकळून थंड केलेले पाणी वापरावे.

१३. नागपूरच्या उन्हाळ्यात पिंजरा कसा सांभाळावा? वीज गेली तर?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. येथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंशांच्या आसपास तर तो बहुतेक वर्षी जातोच. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी ३७-३८ अंश सहज होतात, आणि पिल्लासाठी ३५ अंशांच्या पुढचा प्रत्येक अंश जिवावरचा असतो.

पहिली गोष्ट, एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत उष्णतेचा बल्ब काढून टाकावा. यूव्हीबीची नळी मात्र चालूच ठेवावी. हे दोन दिवे वेगळ्या कामांचे आहेत; एक बंद करताना दुसराही बंद करण्याची चूक नेहमी होते. खोली २८ अंशांवर असेल, तर पिल्लाला वेगळ्या उबेची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट कूलरची. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर या प्राण्यासाठी एसीपेक्षा चांगला, कारण तो हवा थंड करताना ओलावाही देतो, तर एसी हवा कोरडी करतो. पिंजरा कूलरच्या झोतात न ठेवता त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावा आणि समोरची एक खिडकी थोडी उघडी असावी, नाहीतर खोलीत नुसता उबारा साचतो. एसी लावायचा झाल्यास २६ अंशांवर ठेवावा आणि फवारणी एकदा वाढवावी. जाळीवरचे प्लास्टिक (प्रश्न ४ पाहा) याच महिन्यांत उपयोगी पडते, मात्र वरची बाजू आणि पुढची बाजू कधीही झाकू नये.

वीज गेल्यास, आणि नवतप्याच्या दिवसांत ती जातेच, पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवावा. फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या वरच्या जाळीच्या एका कोपऱ्यावर ठेवावी. थंड हवा खाली उतरते आणि पिल्लाला हवे तर जवळ, नको तर दूर जाता येते. बाजूने ओले गोणपाट टांगल्यास आणखी दोन-तीन अंश उतरतात. पिल्लाला थंड पाण्यात बुडवू नये. या काळात दोन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम राखीव असाव्यात, आणि घरच्यांनी त्या सरबतासाठी काढू नयेत म्हणून त्यांवर चिठ्ठी लावावी. दिवसभर घर बंद राहत असेल आणि इन्व्हर्टरवर किमान एक पंखा चालण्याची सोय नसेल, तर नागपुरात शॅमेलिऑन पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात हे सर्व उलटते. बाहेरची हवाच ओली असल्याने फवारणी पहाटे एकदाच करावी, प्लास्टिक काढावे, छताचा पंखा मंद ठेवून खोलीतली हवा हलती ठेवावी. पाने दुपारपर्यंत सुकली नाहीत, तर फवारा जास्त होतो आहे. नाकाशी बुडबुडे, तोंडाला चिकट लाळ किंवा श्वासाचा घरघर आवाज दिसल्यास पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी जावे.

हिवाळा सोपा. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, पण घराच्या आत रात्री १६-१७ अंश राहत असतील तर काहीच करावे लागत नाही. दिवसा बल्ब परत लावावा. खोली त्याहून गार होत असल्यास थर्मोस्टॅटला जोडलेला, प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा. खोलीत शेगडी पेटवू नये, धूर पिल्लालाही बाधतो आणि माणसालाही.

१४. कीटक पिंजऱ्यात मोकळे सोडावेत का?

थोडेच सोडावेत. गुळगुळीत उभ्या बाजूंचे पारदर्शक भांडे फांदीच्या उंचीवर बांधून त्यात कीटक द्यावेत, म्हणजे किती खाल्ले ते मोजता येते. कीटकाची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्यावेत. रात्री ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. रस्त्याच्या दिव्याखालचे किडे आणून घालू नयेत, आणि काजवा तर मुळीच नाही, तो विषारी ठरतो.

१५. पिंजऱ्यात मुंग्या लागतात. औषध मारू का?

मुंग्यांचा खडू, पावडर किंवा फवारा पिंजऱ्याच्या खोलीतही वापरू नये. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, जुन्या घरांत दुधाच्या कपाटाला करत तसेच. पिंजरा भिंतीला टेकू देऊ नये आणि दिव्याच्या वायरीला एका जागी पेट्रोलियम जेली लावावी, कारण मुंग्यांचा दुसरा पूल तोच असतो. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून ते एक दिवसाआड बदलावे.

१६. दोन पिल्ले एका पिंजऱ्यात ठेवली तर एकमेकांना सोबत होईल ना?

होणार नाही. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. पिल्ले भांडताना दिसत नाहीत, म्हणून लोक फसतात. प्रत्यक्षात दांडगे पिल्लू वरची जागा आणि अन्न बळकावते, दुसरे खाली दबून, गडद रंगाचे होऊन, हळूहळू खंगते. दोन पिंजरे शेजारी ठेवायचे असतील, तर मध्ये अपारदर्शक पुठ्ठा उभा करावा.

१७. पिल्लू सारखे काळे पडते. पिंजऱ्यात काही चुकते आहे का?

वेळ पाहावी. सकाळी दिवा लागल्यावर पिल्लू अंग चपटे करून गडद होत असेल, तर ते ऊब शोषत आहे. हे नैसर्गिक आहे. ते दिवसभर गडद राहत असेल, तर ऊब कमी आहे, किंवा त्याला सतत कोणीतरी दिसत आहे: दुसरा शॅमेलिऑन, मांजर, आरसा, कधी शोकेसची काच. फिकट रंग आणि उघडे तोंड म्हणजे उष्णता जास्त. दिवसा डोळे मिटून बसणे मात्र पिंजऱ्यात बदल करून पाहण्याचे लक्षण नाही. तेथे वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा.

१८. मादी असल्यास पिंजऱ्यात वेगळे काही करावे लागते का?

होय, आणि हे बहुतेकांना उशिरा कळते. व्हेल्ड मादी नराचा सहवास नसतानाही अंडी घालते, तीही सहा महिन्यांच्या आसपास सुरू होऊ शकतात. माती उकरायला जागा मिळाली नाही, तर ती अंडी पोटात धरून ठेवते आणि त्यात दगावते. म्हणून पाचव्या महिन्यापासून पिंजऱ्याच्या तळाशी एक खोल डबा कायम ठेवावा. त्यात धुतलेली वाळू आणि खतविरहित माती समप्रमाणात मिसळून किमान ३० सेंमी भरावी. बोट खुपसून काढल्यावर भोक ढासळू नये, इतकी ती ओलसर असावी. प्रश्न ९ मध्ये तळ उघडा ठेवण्यास सांगितले आहे, त्याला हा डबा एवढाच अपवाद. मादी उकरू लागली की पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला चादर टाकावी आणि डोकावून पाहू नये; कोणी पाहत आहे हे लक्षात आल्यास ती अर्धे भोक सोडून वर चढते आणि पुन्हा उतरेलच, याची खात्री नसते.